गोष्टींच्या आडोशाला



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची साहजिकच अशी अपेक्षा होती, की मी गिरणगावाविषयी बोलावे. ते माझ्या आयुष्याचे काम आहे आणि त्याविषयी मी कुठेही, केव्हाही बोलू शकतो. परंतु यंदा हट्ट धरून मी दुसराच विषय मागून घेतला. अमेरिकेत १९२६ पासून पुढे वीस-पंचवीस वर्षांच्या काळात काही मुले स्वस्त मासिकांतल्या विज्ञानकथा वाचत होती. ती नुसती वाचून राहिली नाहीत. त्या वाचनाभोवती त्यांनी मंडळे काढली, बिऱ्हाडे थाटली, स्वतःची बोली बनवली आणि शेवटी एकमेकांना वाळीतही टाकले. या मुलांना तिकडे ‘फॅन’ म्हणत आणि त्यांच्या समाजाला ‘फॅनडम’. आज सिनेनटांच्या आणि क्रिकेटपटूंच्या संदर्भात ‘फॅन’ हा शब्द आपल्या कानांवर रोज पडतो. पण नुसत्या टाळ्या वाजवणारा प्रेक्षक निराळा आणि स्वतःचे दंडक असलेला समाज निराळा. असा समाज कसा बनतो आणि कसा बिघडतो, हे पाहायचे असेल तर या पोरांकडे पाहावे.

युनियनच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण जरा घरगुती आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडिलांच्या गिरणीचा भोंगा त्यानंतर आमच्यासाठी वाजलाच नाही. माझी शाळा सातवीत सुटली. मी एका छापखान्यात कागद उचलायला लागलो आणि संध्याकाळी नाक्यावरच्या फिरत्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून जिन्यातल्या दिव्याखाली वाचू लागलो. त्या जिन्यात माझ्यासारखी आणखी तिघे-चौघे बसत. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते, जिन्यात मात्र आम्ही तासन् तास बोलत होतो, आणि ते सारे बोलणे झुंजार या नायकाविषयी असे. पुढे मी इंग्रजी शिकलो तेही फोर्टातल्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून. तिथेच एकदा फाटक्या कव्हराचे एक आत्मचरित्र हाती लागले. फ्रेडरिक पोल या अमेरिकन लेखकाचे, ‘द वे द फ्यूचर वॉज’, १९७८ सालचे. हा पोलही शाळा अर्धवट सोडलेला. त्याच्या तरुणपणीच्या टोळक्याची हकीकत वाचताना मला आमचा जिना आठवला. मग मी त्या टोळक्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो.

माणसाला आडोसा लागतो. आपल्याकडे मठ होते, आश्रम होते, वारीतली दिंडी होती. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गडीमाणसांना गावकरी मंडळाची बैठकीची खोली होती. धर्माने, जातीने, गावाने दिलेले हे आडोसे. शहरात ते मोडले किंवा पुरेनासे झाले, की माणूस नवे शोधतो. छापील गोष्ट हा आडोसा होऊ शकतो काय? होऊ शकतो, असे हा इतिहास सांगतो. पण प्रत्येक खोलीला भाडे असते. ते कोण भरतो आणि दाराची कडी कोणाच्या हातात असते, हे विचारायची माझ्या धंद्याची सवय आहे. तीच सवय इथे वापरतो.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गमधून अमेरिकेत आलेला गृहस्थ. रेडिओच्या सामानाचा व्यापार आणि त्याच विषयावरची मासिके असा त्याचा व्यवहार. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. जाड, खरबरीत कागद, भडक मुखपृष्ठ, किंमत २५ सेंट. या मासिकात वाचकांच्या पत्रांचे एक सदर होते आणि पत्राखाली पत्र लिहिणाराचा पत्ता छापला जाई. सगळ्या इतिहासाचे बीज त्या पत्त्यात आहे. आपल्या गावात अशी मासिके वाचणारा आपण एकटेच, असे समजणाऱ्या पोराला त्या सदरात पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या पोराचा पत्ता सापडे. मग पोस्टकार्ड जाई, उत्तर येई, आणि कधीतरी एक जण बसने दुसऱ्याच्या दारात येऊन उभा राही.

काळ कसा होता, हेही पाहिले पाहिजे. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीने सारा देश ग्रासला. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार झाला. घरात बाप रिकामा बसलेला, मुलाला काम नाही, कॉलेजला पैसे नाहीत. ब्रुकलिनमध्ये रशियातून आलेल्या एका ज्यू दुकानदाराचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते आणि त्याच दुकानात ही मासिके टांगलेली असत. मुलाने ती वाचू नयेत, असा बापाचा कडक नियम. १९२९ मध्ये गर्न्सबॅकने ‘सायन्स वंडर स्टोरीज’ हे नवे मासिक काढले तेव्हा मुलाने बापाला नावातला ‘सायन्स’ हा शब्द दाखवला. इंग्रजी कच्चे असलेल्या बापाने तो शब्द पाहून परवानगी दिली. तो मुलगा म्हणजे आयझॅक असिमॉव्ह. आपल्याकडेही अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवून वाचलेली माणसे या मांडवात पुष्कळ असतील. त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

पत्रव्यवहारातून मंडळे निघाली. ११ डिसेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्सीअर्स’ नावाच्या मंडळाची पहिली बैठक झाली. ती हार्लेममधल्या एका घरात झाली आणि त्या घरचा मालक वॉरन फिट्झजेराल्ड हा मंडळाचा पहिला अध्यक्ष. फिट्झजेराल्ड काळा होता आणि बाकीची बहुतेक पोरे गोरी. त्या काळच्या अमेरिकेत, जिथे दक्षिणेत काळ्या माणसाला वेगळ्या बाकावर बसावे लागे, तिथे गोरी पोरे हार्लेममध्ये काळ्या अध्यक्षाच्या घरी जाऊन चंद्रावर जाणाऱ्या अग्निबाणाची चर्चा करत बसली. हे घर लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता मी ज्या ठिकाणी ते पुस्तक खाली ठेवून उठलो आणि येरझाऱ्या घालू लागलो, त्या ठिकाणी येतो. १९३४ मध्ये गर्न्सबॅकने आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकातून ‘सायन्स फिक्शन लीग’ची घोषणा केली. वाचकाने सभासद व्हावे, गावोगावी शाखा काढाव्या, बिल्ला लावावा. हेतू उघड होता: मासिकाचा खप वाढावा. त्याने संपादक नेमला होता तोही चार्ल्स हॉर्निग नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, त्याने स्वतः काढलेले हौशी मासिक पाहून नेमलेला. आमच्या भाषेत सांगायचे तर लीग ही मालकाने काढलेली युनियन. अशा युनियनमध्ये चहा मिळतो, बिल्ला मिळतो, वार्षिक संमेलन होते. फक्त पगाराचा विषय काढायचा नसतो.

तो विषय डोनाल्ड वॉलहाइम या न्यूयॉर्कच्या तरुणाने काढला. त्याची एक कथा जानेवारी १९३४ च्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये छापून आली होती. मोबदला दहा डॉलर. ते आले नाहीत. त्याने इतर नवोदित लेखकांना पत्रे टाकून विचारले, तर त्यांचेही पैसे अडकलेले. गर्न्सबॅकची ही ख्याती जुनी होती. भयकथांचा लेखक लव्हक्राफ्ट त्याला ‘उंदीर’ म्हणत असे. वॉलहाइमने चार माणसे जमवली, वकील गाठला, आणि अखेर ७५ डॉलरवर तडजोड झाली. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने, कुठल्याही पुढाऱ्याचे बोट न धरता, केवळ टपालाच्या जोरावर थकलेली देणी वसूल केली! आमच्या युनियनमध्ये असा मुलगा आला असता तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी पूर्णवेळ कार्यकर्ता केला असता. लीगने काय केले? १९३५ मध्ये वॉलहाइम, जॉन मिशेल आणि विल्यम सायकोरा या तिघांना शिस्तभंग करणारे म्हणून काढून टाकले. पुढे लीगच निष्प्राण झाली. त्याच गर्न्सबॅकच्या नावाने १९५३ पासून विज्ञानकथेचा ‘ह्यूगो’ पुरस्कार दिला जातो. असो.

मालकाच्या छत्राखालून बाहेर पडलेल्या पोरांनी आपले स्वतःचे छप्पर उभारायला घेतले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फ्यूचरियन’ हे मंडळ निघाले. वॉलहाइम, मिशेल, पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, रॉबर्ट लाउंड्स, असिमॉव्ह अशी त्यातली नावे. लाउंड्स हा कनेटिकटहून आलेला. सरकारने बेकार तरुणांसाठी काढलेल्या वनीकरणाच्या छावणीत त्याने काम केलेले. यांतल्या काहींनी वर्गणी काढून ब्रुकलिनमध्ये एकत्र बिऱ्हाड केले आणि त्याला मोठ्या ऐटीत ‘हस्तिदंती मनोरा’ असे नाव दिले. नाव मनोऱ्याचे, पण खाक्या सगळा आमच्या बैठकीच्या खोलीचा. भाडे वाटून, ज्याच्याकडे पैसे असतील त्याने आज पाव आणायचा, गावाहून नवा आला तर त्याला जमिनीवर जागा. फरक एवढाच, की आमच्या खोलीत एका गावची माणसे असत आणि या खोलीतली माणसे एका मासिकाची होती. लंडनमध्येही त्याच साली ग्रेज इन रोडवर ८८ क्रमांकाच्या घरात आर्थर क्लार्क आणि विल्यम टेम्पल यांनी असेच बिऱ्हाड मांडले. क्लार्क म्हणजे पुढे श्रीलंकेत स्थायिक झालेला तो प्रसिद्ध लेखक. त्या वेळी सरकारी हिशेबतपासनीसाच्या कचेरीत साधा नोकर होता. विज्ञानकथेच्या वाचकांचा तो अड्डा होता आणि अवकाशप्रवासाचा ध्यास घेतलेल्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचे कामही तिथूनच चाले.

या समाजाचे खरे यंत्र म्हणजे सायक्लोस्टाइल. पहिले हौशी मासिक ‘द कॉमेट’ मे १९३० मध्ये निघाले; अशा मासिकांना ‘फॅनझिन’ हे नाव मात्र १९४० मध्ये मिळाले. कोणी जिलेटिनच्या थाळीवर जांभळ्या शाईचा ठसा उमटवून चाळीस-पन्नास प्रती काढी, कोणाला स्टेन्सिल आणि सायक्लोस्टाइल परवडे. मी ऐन विशीत युनियनच्या कचेरीत सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवलेला आहे. रात्री दोन वाजता फाटलेल्या स्टेन्सिलवर लाल दुरुस्तीचा द्राव लावून फुंकर मारत बसणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच कळते. ते काम करताना शेजारी बसलेला माणूस जन्माचा मित्र होतो. १९३७ मध्ये वॉलहाइम आणि मिशेल यांनी या हौशी पत्रांची एक संस्था बांधली. प्रत्येक सभासदाने आपल्या पत्राच्या ठराविक प्रती एका ठिकाणी धाडायच्या आणि दर तीन महिन्यांनी सर्वांची पत्रे एकत्र बांधलेला गठ्ठा प्रत्येकाला परत मिळायचा. ही विचारांची भिशीच म्हणायची. जो भरणार नाही त्याला उचल नाही. तिच्यात मालक नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हते, म्हणूनच ती दशकानुदशके टिकली.

या गठ्ठ्यांतून त्यांची एक बोली तयार झाली. टोपणनावे, आद्याक्षरांचे शब्द, बाहेरच्या माणसाला उमगू नयेत असे विनोद. आपल्या महानुभावांनी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ शतकानुशतके राखले. कारणे निराळी असतील, पण परिणाम तोच. लिपी राखते आणि लिपीच वेगळे पाडते.

या मनोऱ्यात गोष्टी वाचायच्या की जग बदलायचे, हा वाद लवकरच पेटला. पोल १९३६ मध्ये तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत गेला होता. मिशेलही त्याच विचारांचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात मिशेलचे भाषण वाचले गेले. त्याचा आशय असा, की जर्मनीत आणि स्पेनमध्ये फॅसिझम माजला असताना भविष्याच्या नुसत्या गोष्टी वाचून भागणार नाही. विज्ञानकथेच्या वाचकांनी शास्त्रीय समाजरचनेच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. मिशेल तोतरा होता, म्हणून ते भाषण त्याच्या वतीने वॉलहाइमने वाचून दाखवले. ठराव मताला टाकला आणि पडला. मी आयुष्यात असे पुष्कळ ठराव मांडले आणि पडताना पाहिले. पण मला या प्रसंगात ठरावापेक्षा तो तोतरा मुलगा जास्त आठवतो. बाहेरच्या कुठल्या सभेत त्याचे भाषण कोणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतले असते?

मग १९३९ साल उजाडले. न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यावरूनच पहिल्या ‘जागतिक’ विज्ञानकथा संमेलनाला ते भपकेबाज विशेषण मिळाले. २ जुलै, रविवार. जागा ईस्ट ५९ व्या रस्त्यावरचा कॅरॅव्हॅन हॉल. सुमारे दोनशे माणसे जमली. चित्रकार फ्रँक पॉल सन्माननीय पाहुणा. लॉस एंजलिसहून फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले म्हणून शिवलेले पोशाख घालून आलेले. ॲकरमनकडून पैसे उसने घेऊन रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा बसने खंड ओलांडून आलेला. असा सगळा जत्रेचा थाट.

संमेलन भरवणारे होते सॅम मॉस्कोविट्झ, जेम्स टॉरासी आणि विल्यम सायकोरा. होय, तोच सायकोरा, ज्याला चार वर्षांपूर्वी वॉलहाइमबरोबर लीगमधून काढले होते. मध्यंतरी भांडण झाले होते. संमेलनाच्या चालकांवर टीका करणाऱ्या छापील पत्रकांचा गठ्ठा टॉरासीला सभागृहात दडवलेला सापडला. फ्यूचरियन दाराशी आले तेव्हा मॉस्कोविट्झने त्यांना अडवले आणि नीट वागू असे वचन मागितले. त्यांनी ते दिले नाही. वॉलहाइम, मिशेल, लाउंड्स, पोल, कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी असे सहा जण बाहेर राहिले. दारात अडवणारा मॉस्कोविट्झ एकोणीस वर्षांचा, बाहेर उभा राहिलेला पोल एकोणीस वर्षांचा. कॉर्नब्लुथचा तर तो सोळावा वाढदिवस होता. आणि गंमत अशी, की ते पत्रक ज्याने लिहिले तो डेव्हिड काइल आत बसलेला होता! असिमॉव्हही आत गेला. आपण मित्रांबरोबर बाहेर राहायला हवे होते, ही टोचणी त्याला पुढे लागून राहिली.

या एका दुपारवर त्या लोकांनी किती कागद काळे केले, त्याला सुमार नाही. मॉस्कोविट्झने १९५४ मध्ये ग्रंथरूपाने आपली बाजू मांडली, पोलने चोवीस वर्षांनी आपली. परक्याला हा पोरखेळ वाटेल. मला वाटत नाही. ज्यांना जगात दुसरे दार नसते त्यांना या दाराचे मोल कळते. संपाच्या काळात फुटलेला म्हणून ज्याला बैठकीच्या खोलीतून वळकटीसह बाहेर काढले, असा एक माणूस मी लहानपणी पाहिला आहे. तो खरेच फुटला होता की नाही, हे आजही मला ठाऊक नाही. तो दुसऱ्या युनियनमध्ये गेला नाही, गावीही गेला नाही. समोरच्या पानाच्या गादीवर बसून तो सहा महिने त्या खोलीच्या खिडकीकडे बघत असे.

आता या आडोशाची दुसरी खोड. १९४० च्या सप्टेंबर ते डिसेंबरच्या अंकांतून व्हॅन व्होग्ट यांची ‘स्लॅन’ ही कादंबरी ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आली. स्लॅन म्हणजे साधारण माणसांहून अधिक बुद्धीची, दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी, आणि म्हणूनच शिकारीसारखी हुसकली जाणारी एक जात. शाळेत टवाळी सोसलेल्या, घरात नाकर्ता ठरलेल्या मुलाला हे वाचून काय वाटले असेल? फॅन हेच स्लॅन, अशी म्हण पडली. थट्टेने पडली, पण सगळ्यांनी ती थट्टेवारी घेतली नाही. इंडियाना राज्यातला क्लॉड डेगलर हा तरुण १९४३ मध्ये गाडीवाल्यांना हात करत करत देशभर हिंडला, फॅनांच्या घरी मुक्काम ठोकला आणि फॅन ही नव्या मानववंशाची सुरुवात आहे, तिच्या संततीसाठी ओझार्क डोंगरात वसाहत काढू, असा प्रचार करत सुटला. इतर फॅनांनी त्याला झिडकारले, ही त्यांच्या शहाणपणाची गोष्ट. पण बीज त्याचे एकट्याचे नव्हते.

त्याच साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीक या गावात, जिथे न्याहरीच्या कॉर्नफ्लेक्सचे मोठमोठे कारखाने आहेत, तिथे ॲल आणि ॲबी लू ॲशली हे जोडपे, वॉल्ट लीबशर, जॅक विडनबेक आणि एव्हरेट इव्हान्स अशी पाच-सहा माणसे एकाच घरात राहू लागली. घराचे नाव ‘स्लॅन शॅक’. इव्हान्स तेव्हा पन्नाशीचा होता, म्हणजे पोरवयाचा नव्हे, माझ्यासारखाच. पुढे एक पुरती आळी बांधावी, प्रत्येकाचे घर स्वतंत्र, पण छापण्याची खोली सामाईक, असा त्यांचा बेत होता. ती आळी काही झाली नाही. १९४५ मध्ये मंडळी बिऱ्हाड आवरून लॉस एंजलिसला गेली. मला हे घर आवडते. त्यात कोणी महंत नव्हता आणि वसाहतीची घोषणा नव्हती; ज्यांना एका छपराखाली बरे वाटत होते अशी माणसे दोन वर्षे राहिली.

भाड्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९४० च्या सुमारास या बहिष्कृत सहांपैकी काहींचे दिवस पालटले. पोलला आठवड्याला दहा डॉलर पगारावर दोन मासिकांचे संपादकपद मिळाले. १९४१ मध्ये वॉलहाइमने ‘स्टरिंग सायन्स स्टोरीज’ आणि ‘कॉस्मिक स्टोरीज’ ही दोन मासिके सुरू केली. प्रकाशकाने लेखकांसाठी एक कवडीही दिली नव्हती. मजकूर आला कुठून? फ्यूचरियन मित्रांनी फुकट लिहिला. वॉलहाइमने असिमॉव्हकडेही कथा मागितली आणि त्याने एक दिली. ते कळल्यावर एफ. ऑर्लिन ट्रेमेन या जुन्या संपादकाने असिमॉव्हला फैलावर घेतले. फुकट लिहिणारा लेखक पैसे देणाऱ्या मासिकांचा गळा कापतो, असा त्याचा मुद्दा. असिमॉव्ह घाबरला आणि नाममात्र का होईना, पाच डॉलर द्या असे त्याने वॉलहाइमला कळवले. पाच डॉलर आले, पण सोबत एक कडवट पत्रही आले. दहा डॉलरसाठी वकील गाठणारा तो हाच वॉलहाइम! मी त्याला दोष देत नाही. आपल्याच माणसांचे काम आहे, पैशाचे काय बोलायचे, हे वाक्य मी सहकारी संस्थांत, वृत्तपत्रांत, आणि आमच्या युनियनच्या कचेरीतही ऐकले आहे. टायपिंग करणाऱ्या बाईंना चार महिने पगार दिला नव्हता, तेव्हा ते मी स्वतःच बोललो होतो.

हार्लेमच्या घराकडे परत येतो म्हटले होते. वॉरन फिट्झजेराल्डनंतरच्या वीस वर्षांत या समाजात काळी माणसे जवळजवळ दिसेनाशी झाली. दारावर कोणी पाटी लावली नव्हती. आम्ही कोणाला नाही म्हटले, असे ते विचारत, आणि ते खोटे नव्हते. आपल्याकडचे किती वाचनालय-चालक, किती नाट्यमंडळे हेच विचारतात! १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोकडच्या टेरी कार आणि त्याच्या मित्रांनी एक गंमत केली. त्यांनी कार्ल ब्रँडन नावाचा एक काळा फॅन कल्पनेने निर्माण केला आणि त्याच्या नावाने विनोदी लेखन छापू लागले. लेखन उत्तम होते. ब्रँडन लोकप्रिय झाला, आणि तो अस्तित्वातच नाही हे कित्येकांना फार उशिरा कळले. काळा सभासद हवासा वाटला, त्याचे कौतुक झाले, फक्त तो प्रत्यक्षात कोणी नव्हता. १९९९ मध्ये गौरेतर लेखक-वाचकांनी जी संस्था काढली, तिला त्यांनी मुद्दाम कार्ल ब्रँडनचेच नाव दिले.

एका बाबतीत मात्र या आडोशाने असे काही केले, जे आम्हा चळवळीतल्या लोकांना जमले नाही. लॉस एंजलिसच्या मंडळाची खोली १९४३ पासून साउथ बिक्सेल रस्त्यावर होती. तिथे नाना तऱ्हेची माणसे येत, त्यांत समलिंगी स्त्री-पुरुषही होते. त्या काळी अमेरिकेत हा गुन्हा होता, नोकरी जाई, तुरुंग घडे. एफ. टी. लेनी या सभासदाने १९४८ मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या आणि या कारणासाठी मंडळाची यथेच्छ निंदा केली. त्या खोलीत ‘टायग्रिना’ या टोपणनावाने ओळखली जाणारी इडिथ आइड ही तरुणी येई. ती आरकेओ या सिनेकंपनीत टंकलेखिका होती. काम थोडे, पण टेबलाशी बसून सतत काही तरी करताना दिसले पाहिजे, असा साहेबाचा दंडक. तिने तो तंतोतंत पाळला. जून १९४७ पासून ‘व्हाइस व्हर्सा’ हे नियतकालिक ती कार्बन घालून त्याच टेबलाशी टाइप करू लागली. अमेरिकेत स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी निघालेले हे पहिले ज्ञात नियतकालिक. एका वेळी मूळ प्रत आणि कार्बन प्रती, मग तेच सगळे पुन्हा एकदा टाइप. अशा जेमतेम दहाएक प्रती. नऊ अंक निघाले. संपादक, मुद्रक आणि वितरक ती एकटी. हे कसे करायचे, कागदावर एकट्या माणसाने मासिक कसे उभे करायचे आणि अनोळखी माणसापर्यंत कसे पोचवायचे, हे शिक्षण तिला त्या गोष्टीवेड्यांच्या जगात मिळाले होते.

त्याच वर्तुळात जिम केपनर होता. तो कम्युनिस्ट पक्षात गेला, पक्षाच्या दैनिकासाठी लिहीत असे. तो समलिंगी आहे हे कळल्यावर पक्षाने त्याला काढले. फॅनांनी काढले नाही. पुढे १९५० च्या दशकात तो ‘वन’ या समलिंगी हक्कांच्या मासिकाचा एक प्रमुख लेखक झाला. फॅनांची एक सवय त्याला जडलेली होती: कागद टाकायचा नाही. पत्रक, पत्र, अंक, जे येईल ते ठेवायचे. त्याने १९४२ पासून जमवलेला संग्रह वाढत वाढत आज दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहाचा भाग आहे. हौशी मासिकांचे असे ढीग इतरत्रही जपले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संग्रहात ती हजारोंनी आहेत. त्यामुळे कॅरॅव्हॅन हॉलच्या दारात कोण काय म्हणाले, कोण आत गेले, कोणाचा वाढदिवस होता, हे मी परळमध्ये बसून सांगू शकतो.

माझे वडील १९८२ च्या संपात आपल्या खात्याच्या समितीवर होते. समितीची पत्रके आमच्याच खोलीत बनत. आई स्टेन्सिलखाली कागद सरकवत असे आणि मी ते सुकत घालत असे, दोरीवर, कपड्यांच्या शेजारी. रोज एक, असे दीड वर्ष. गेली दहा वर्षे मी त्यातले एक तरी पत्रक शोधतो आहे. युनियनच्या जुन्या कचेरीतली कपाटे जागा बदलताना रद्दीत गेली. बैठकीच्या खोलीच्या जागी आता इमारत उभी आहे. मागच्या दिवाळीत गावी माळ्यावर एक पेटी सापडली. तिच्यात वडिलांचे गिरणीचे पितळी तिकीट होते, एक वर्गणीची पावती होती, आणि तळाशी अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राखाली, वाळवीने अर्धे खाल्लेले, पहिले पान नसलेले एक पुस्तक होते. ते झुंजारचे निघाले.